मायाक्काचा शनिवार

“बाई, ह्यानं माझं पुस्तक हिसकावलं!”

“माझा नंबर हाय बाई, मी कालच सांगून ठिवलंय!”

शाळेच्या व्हरांड्यात शबाना मुलाणी आणि दऱ्याप्पा एकाच पुस्तकाची दोन टोकं धरून उभे होते आणि मध्ये ते आठ पानांचं बिचारं पुस्तक ताणलं जात होतं. चौथीतली दोन पोरं खेळण्यासाठी नाही, खाऊसाठी नाही, तर पुस्तकासाठी भांडतायत, हे बघून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! रागावल्याचं सोंग करून मी पुस्तक काढून घेतलं, आधी शबानाला दिलं आणि दऱ्याप्पाला सोमवार कबूल केला. तो पाय आपटत निघून गेला. मी मनात म्हटलं, प्रमिला तारळेकर, जिंकलीस.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. जत तालुक्यातल्या एका वाडीवर आमची दोनशिक्षकी शाळा होती. पहिली-दुसरी मुख्याध्यापक बिराजदार गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. त्या जूनमध्ये शाळेला गोष्टींची साठ पुस्तकं आली. “शिक्के मारा, नंबर घाला आणि कपाटात ठेवा,” गुरुजी म्हणाले. मी शिक्के मारले, नंबर घातले, पण कपाटाला कुलूप घातलं नाही. नुकतंच एक प्रशिक्षण करून आले होते. मुलांनी मौजेसाठी वाचलं पाहिजे, हे तिथं ऐकलेलं वाक्य डोक्यात घुमत होतं. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी, तसं माझं झालं होतं. नियम मीच केला. कुणीही कुठलंही पुस्तक न्यावं. त्यावर प्रश्न नाहीत, परीक्षा नाही. फक्त शनिवारी शेवटच्या तासाला ज्याला वाटेल त्यानं आपण वाचलेली गोष्ट सगळ्यांना सांगावी.

पहिले तीन शनिवार अगदी फुकट गेले. पोरं हाताची घडी घालून उभी राहायची आणि “एक होता ससा. तो फार गर्विष्ठ होता. तात्पर्य, गर्व करू नये” असं एका दमात म्हणून खाली बसायची. ऐकणारी पोरं खिडकीतून बाहेर बघायची. कपाटातल्या पुस्तकांवरची धूळ मीच झटकत होते.

चौथ्या शनिवारी मायाक्कानं हात वर केला.

मायाक्का कोळेकर त्याच जूनमध्ये आमच्या शाळेत आली होती. तिचा बाप सिदू मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचं आणि पावसाला परत माळावर यायचं, असं त्यांचं वर्षाचं चक्र. त्या चक्रात मायाक्काच्या तीन शाळा झाल्या होत्या आणि एकीतही ती सलग चार महिने बसली नव्हती. वयाप्रमाणं तिला चौथीत घातलं. नाव घालायला आला तेव्हा सिदू दारातच उकिडवा बसून म्हणाला होता, “बाई, हिला बहिणीकडं ठिवतोय. दिवाळीपातूर वाचाय आलं तर राहू दे हितंच. न्हाई आलं तर मेंढरामागं येईल. माझ्या घरात एकाला तरी अक्षर यावं एवढीच विच्छा हाय.” मायाक्का त्याच्या मागं उभी राहून ते ऐकत होती.

त्या शनिवारी तिच्या हातात ‘हत्तीचा सदरा’ नावाचं पुस्तक होतं. ते तिनं उघडलं, चित्राकडं एकदा बघितलं आणि सुरुवात केली.

“यक हत्ती हुता. त्यो शिंप्याच्या दारात आला आन् म्हनला, मला थंडी वाजतीया, सदरा शिव. शिंप्यानं माप घ्याया सुरवात केली. सकाळी शेपटापासनं निघाला ती संध्याकाळी सोंडंपातूर पोचला. कापड काय पुरंना. मग शिंपी घरोघर हिंडला. कुनी धोतराचा धडपा दिला, कुनी लुगड्याचा पदर दिला. एक म्हातारी म्हनली, माझ्याकडं कायबी न्हाई, पर ही चूल पुसायची चिंधी घे, खिशाला लाव…”

सदरा झाला. हत्तीनं घातला. मग तो कानांमुळं डोक्यातून निघेना. मग लोकांनी असं ठरवलं की आता काढायचाच नाही, आणि थंडीच्या दिवसांत सगळं गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, मेंढरांसह, हत्तीच्या सदऱ्यात राहायला गेलं. ज्याचा तुकडा जिथं लागला होता तिथं त्याचं घर. चिंधीवाल्या म्हातारीला खिसा मिळाला, आणि सगळ्यांत ऊब खिशातच होती.

घंटा झाली तरी एक पोर उठलं नाही. आणि मग एकदम सगळी कपाटाकडं धावली.

व्हरांड्यातलं ते भांडण त्याच दिवसाचं. सोमवारी सकाळी शबाना पुस्तक घेऊन आली.

“झालं इतक्यात वाचून?”

“व्हय बाई, सगळं बघितलं. दुसरं द्या.”

तिनं दुसरं नेलं, ते मंगळवारी आणलं, तिसरं नेलं. दऱ्याप्पाचं तेच. महिन्याभरात सगळ्या वर्गाचं तेच. दर शनिवारी मायाक्का गोष्ट सांगायची आणि आठवडाभर कपाट अर्धं रिकामं असायचं. पोरं मधल्या सुट्टीत डोक्याला डोकं लावून पुस्तकं वाचायची, बोटं फिरवायची, आपसांत कुजबुजायची. मी जवळ गेले की गप्प व्हायची. मला वाटायचं, वाचनाची तंद्री लागली म्हणतात ती हीच.

ऑक्टोबरात केंद्रप्रमुखांचा निरोप आला. आमच्या शाळेतल्या वाचनाचं त्यांच्या कानावर गेलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते बघायला येणार होते, बरोबर आणखी चार शाळांचे शिक्षक आणणार होते. मी ठरवलं, मायाक्काच्या गोष्टींचा एक तक्ता करायचा. पुस्तकाचं नाव आणि समोर चार ओळींत गोष्ट. त्यासाठी शनिवारी दुपारी मी पिशवीभर पुस्तकं माझ्या खोलीवर नेली आणि ‘हत्तीचा सदरा’ उघडलं.

आता खरं ते सांगते. चार महिने मी पोरांना वाचा वाचा म्हणत होते, पण त्या साठांपैकी एकही पुस्तक मी स्वतः वाचलेलं नव्हतं. शिक्के मीच मारले होते, नंबर मीच घातले होते, तेवढीच माझी आणि त्यांची ओळख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कुठला!

पुस्तकातला हत्ती सदरा घालून बाजारात जातो. सगळे प्राणी हसतात. हत्ती सदरा काढून टाकतो. ‘आपण आहोत तसेच चांगले.’ आठ पानं, सोळा ओळी, संपलं. शिंपी होता, तो फक्त दुसऱ्या पानावरच्या चित्रात. म्हातारी नव्हती, चिंधी नव्हती, खिसा नव्हता.

मी दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. रविवारी शाळा उघडून उरलेली सगळी काढली, पोरांनी घरी नेलेली त्यांच्या दारी जाऊन चाळली. साठांत मायाक्काची एकही गोष्ट नव्हती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या पोरीनं मला चार महिने फसवलं, आणि उद्या केंद्रप्रमुखांनी तिच्या हातातलं पुस्तक घेऊन वाच म्हटलं तर भर सभेत माझी शोभा होणार, हे दोनच विचार डोक्यात होते. सोमवारी सकाळी मी बिराजदार गुरुजींना सगळं सांगितलं. ते पान लावत होते. हळूच म्हणाले, “पोरं वाचतात ना बाई?”

“पोरं वाचतात हो, पण ही—”

“मग कशाला उकरून काढताय? तिला हळूहळू शिकवा. शनिवार चाललाय तसा चालू द्या.”

मी त्यांना आळशी समजत होते. पान खाणारा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस, काहीही चालू द्या म्हणणारच. मी त्यांचं ऐकलं नाही. आता मला स्वतःला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि नोकरीभर जेवढ्या लोकांचं ऐकलं त्या सगळ्यांपेक्षा ह्या एका माणसाचं ऐकायला हवं होतं असं वाटतं.

सुट्टी लागण्याआधीचा शनिवार आला. मायाक्का ‘रुसलेली घंटा’ घेऊन पुढं आली. पोरं आधीच सरकून जवळजवळ बसली होती.

“मायाक्का, आज सांगायचं नाही,” मी म्हटलं. “आज वाचून दाखवायचं.”

“सांगती की बाई.”

“वाच. बोट ठेवून वाच.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरुवात केली. “यका शाळंत यक घंटा हुती. तिला वाटायचं, मला रोज मार बसतोय, पर मी काय चुकी केली ती कुनीच सांगत न्हाई…” बोट ओळीवरून पुढं सरकत होतं. ओळ संपली, पान संपलं, तरी गोष्ट चाललीच होती. मग बोट परत वर जाऊन पहिल्यापासून फिरायला लागलं. पोरांचे डोळे तिच्या तोंडावर होते. माझे फक्त त्या बोटावर होते.

“थांब. हे अक्षर कोणतं?”

तिनं पानावरच्या चित्राकडं बघितलं.

“हे?”

तिनं मान हलवली.

“बरं, ‘म’ कुठाय दाखव. तुझ्या नावातला ‘म’.”

तिचं बोट पानावर नुसतंच हललं आणि थांबलं. रोजचे धडे ती पोरांबरोबर घडाघडा म्हणायची. ते ऐकून ऐकून पाठ केलेले होते, हे मला त्या क्षणी कळलं. साठ पोरांच्या गलक्यात मला चार महिने ते कळलं नव्हतं, आणि त्याची लाज वाटायच्या ऐवजी माझा राग आणखी वाढला.

“म्हणजे इतके दिवस तू आम्हाला खोटं सांगत होतीस?”

“खोटं न्हाई, बाई. गोष्ट हाय ती.”

“पुस्तकात नाही ते पुस्तक हातात धरून सांगायचं, म्हणजे खोटंच. लबाडी आहे ही.” आणि मी वर्गाकडं वळले. “ऐका रे. ही गोष्ट या पुस्तकात नाही. हिनं सांगितलेली एकही गोष्ट कपाटातल्या एकाही पुस्तकात नाही. मी साठही वाचलीत.”

मला वाटलं होतं पोरं हसतील. एकही हसलं नाही. दऱ्याप्पा खाली मान घालून फरशीवरचा खडू नखानं खरवडत बसला. शबाना मात्र माझ्याकडं टक लावून बघत राहिली, जणू मीच काहीतरी हिसकावून घेतलं होतं. मायाक्का कपाटाशी गेली, पुस्तक जागेवर नीट उभं ठेवलं, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर मी तिथंच वितळले असते, असं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे.

सुट्टी संपली आणि सिदू आला. कळप माळाच्या कडेला थांबवून आला होता.

“बाई, बहीन सांगती पोरीला वाचाय येतंय, शनवारी समद्यांम्होरं वाचती. आन् पोरगी म्हनती, येत न्हाई. कुनाचं खरं धरू?”

मायाक्का दप्तर पाठीला लावून तयारच उभी होती. सकाळीच कुणीतरी तिच्या केसांना तेल लावून दिलं होतं. तिला बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. फक्त भीती उरली.

“पोरीचं खरं आहे,” मी म्हटलं. “येत नाही. पण चूक तिची नाही, माझी आहे. मला एप्रिलपर्यंत वेळ द्या. रोज शाळा सुटल्यावर तासभर मी तिला घेऊन बसते. वाचायला आलं नाही तर मीच तिला तुमच्या कळपापर्यंत आणून सोडीन.”

सिदू पोरीकडं वळला. “ऱ्हातीस?”

“ऱ्हाते,” मायाक्का म्हणाली. “मला शिकायचं हाय.”

केंद्रप्रमुख आले, दोन पोरांनी वाचून दाखवलं, शेरा चांगला मिळाला. त्यात काही सांगण्यासारखं नाही. मी रोज मायाक्काला घेऊन बसायला लागले. ‘म’पासून सुरुवात केली. इतकं जीव लावून मी आयुष्यात कुणाला शिकवलं नसेल. पोरगी हुशार होती. संक्रांतीला जोडाक्षरांपर्यंत आली, शिमग्याला पाठ्यपुस्तकातला न ऐकलेला धडा अडखळत का होईना वाचू लागली.

पण शनिवारचा तास परत पहिल्यासारखा झाला होता. ससा, गर्व, तात्पर्य. आणि कपाट भरलेलं. एखाद्या आठवड्यात एखादं पुस्तक जायचं, तेही मी म्हटलं म्हणून. मला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून असेल. शेवटी एकदा मधल्या सुट्टीत शबानाला धरलं.

“काय गं, पुस्तकासाठी मारामाऱ्या करायचीस. आता एक पण नेत नाहीस?”

“काय करू नेऊन?”

“आधी काय करायचीस?”

“आधी हुडकत हुतो, बाई.”

“काय हुडकत होता?”

तिनं मला समजावून सांगायला सुरुवात केली. लहान मुलाला सांगतात तसं. “मायाक्कानं सांगितलेली गोष्ट. त्या पुस्तकात नसायचीच की ती. म्हातारी न्हाई, खिसा न्हाई. मग दऱ्याप्पा म्हनला, तिनं पुस्तक चुकून दुसरं धरलं आसंल, दुसऱ्यात आसंल. मग दुसरं वाचायचं. त्यात न्हाई तर तिसरं. समद्यांनी वाटून घेतली हुती पुस्तकं. ज्याला घावंल त्यानं सांगायचं. दऱ्याप्पाला तर वाचाय यायचं न्हाई नीट, तरी त्यो बोट लावून लावून समदं वाचायचा. मग तुमी सांगितलं, कशातच न्हाई. मग ऱ्हायलं.”

मी तिला जा म्हटलं. ती खेळायला पळाली. मी वर्गात जाऊन कपाटासमोर उभी राहिले. पाठी लागून जे घडवता येत नाही, ते एका निरक्षर पोरीनं नुसत्या तोंडानं घडवलं होतं, आणि मी ते भर वर्गात, बोट ठेवायला लावून, मोडलं होतं. मला फार वाईट वाटलं. अजूनही त्या दिवसाइतकंच वाटतं.

त्याच संध्याकाळी शिकवणी झाल्यावर मी मायाक्काला म्हटलं, “या शनिवारी सांगशील का एखादी गोष्ट? पूर्वीसारखी. पुस्तक नको, तशीच.”

“नगं बाई.”

“का गं? मी रागावणार नाही. मी त्या दिवशी चुकले, मायाक्का.”

तिला ते पटलं नाही. बाई चुकतात, हे तिच्या हिशेबात बसतच नव्हतं. “मला आजून नीट येत न्हाई,” ती म्हणाली. “वाचाय आलं की उभी ऱ्हाती.”

मी त्या एका वाक्यावर दोन महिने काढले. ती वाचायला शिकेल आणि परत उभी राहील. तिच्याजवळ आता अक्षरंही असतील आणि गोष्टही असेल. पोरं परत कपाटाकडं धावतील. मी तिच्याकडून आणखी वाचून घेऊ लागले. स्वल्पविरामाला थांब, पूर्णविरामाला थांब, जे लिहिलंय तेच वाच, एक शब्द पदरचा घालू नकोस.

एप्रिलातल्या शेवटच्या शनिवारी सिदू आला. कळप भावावर टाकून दोन एस्ट्या बदलून आला होता. बिराजदार गुरुजी त्याला खुर्ची देत होते, तरी तो दारातच उकिडवा बसला. मायाक्का आपणहून उठली. सुट्टीनंतर पहिल्यांदाच. पोरं एकमेकांना ढोसून सावरून बसली, दऱ्याप्पा मागच्या रांगेतून सरकत पार पुढं आला.

तिनं कपाटातून ‘कोल्ह्याची छत्री’ घेतलं. उघडलं. चित्राकडं तिनं बघितलंच नाही. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

“एका जंगलात एक कोल्हा राहत होता. त्याला एक छत्री सापडली…”

एक अक्षर चुकलं नाही. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला थांबली, सोळाच्या सोळा ओळी स्वच्छ वाचल्या. सिदूनं मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले. तिनं पुस्तक मिटलं. पोरं तशीच बसून होती, वाट बघत.

“मग?” शबाना म्हणाली. “छत्री घेऊन कोल्हा गेला कुठं?”

मायाक्कानं पुस्तक परत उघडलं, शेवटचं पान बघितलं, मागचा पुठ्ठाही उलटून बघितला. “पुढं न्हाई. संपलं.”

“तू सांग की गं पुढचं,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. “तुझ्या मनानं. तुला काय वाटतं, कुठं गेला असेल कोल्हा?”

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतं, याचा आनंद होता.

“मनाचं सांगितलं की खोटं हुतंय, बाई.”

दारात सिदू उठून उभा राहिला. “ऐकलं का रं पोरांनु?” तो म्हणाला. “शानी झाली बघा आमची मायाक्का. बाई, तुमचं लई उपकार झालं आमच्यावर.”

त्यानं वाकून दोन्ही हात जोडले. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मीही हात जोडले.